संगणकाचे घड्याळ चुकते तेव्हा: आधी चूक मोजावी, मग पेचकस उचलावा

सकाळी साडेनऊच्या सुमारास सोलापुरातल्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतून, एखाद्या टॉवेल कारखान्याच्या कचेरीतून फोन येतो: इंटरनेट चालू आहे, मोबाइलवर सगळे उघडते, पण संगणकावर बँकेचे पान उघडत नाही आणि ई-वे बिलाचेही उघडत नाही. अशा वेळी मी इंटरनेटविषयी काही विचारत नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली कोणती तारीख दिसते, एवढेच विचारतो. पलीकडे क्षणभर शांतता होते आणि उत्तर येते, "एक जानेवारी, दोन हजार नऊ."

सुरक्षित संकेतस्थळाकडे स्वतःची ओळख पटवणारे एक प्रमाणपत्र असते आणि ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे, हे त्यातच लिहिलेले असते. संगणक स्वतःला २००९ मध्ये समजत असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेले नसते आणि ब्राउझर दार लावून घेतो. डिजिटल सहीचेही तेच. संगणकावरच्या ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारे सांकेतिक अंक वापरत असाल, तर घड्याळ एक-दोन मिनिटे सरकले तरी ते अंक नाकारले जातात. बिलावर चुकीची तारीख पडते ती वेगळीच, आणि ती महिनाअखेरीस हिशेब जुळवताना सापडते.

घड्याळ चुकले की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात: हाताने वेळ लावतात, किंवा दुकानात नेऊन आतला नाण्याएवढा सेल बदलून आणतात. दोन्ही उपाय कधी लागू पडतात, कधी पडत नाहीत, आणि दोन्हींमुळे बिघाडाचा मूळ माग पुसला जातो. म्हणून काहीही बदलण्याआधी घड्याळ किती आणि कोणत्या रीतीने चुकते आहे, ते पाहून लिहून ठेवावे. निम्म्याहून अधिक निदान त्या नोंदीतच होते.

घड्याळे दोन असतात

पुढचे सगळे समजण्यासाठी एवढे ध्यानात ठेवावे लागते की प्रत्येक संगणकात दोन घड्याळे चालतात. पहिले मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या आतल्या मुख्य पाटीवर, असते. क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात, त्यामुळे ती १५ वेळा निम्मी केली की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. हे घड्याळ संगणक बंद असतानाही चालू राहते. दुसरे घड्याळ विंडोजचे स्वतःचे असते. संगणक सुरू होताना ते मदरबोर्डवरच्या घड्याळाकडून एकदा वेळ विचारून घेते, पुढे प्रोसेसरच्या मोजणीवर आपले आपण चालते आणि इंटरनेट मिळाले की अधूनमधून स्वतःला दुरुस्त करून घेते.

संगणक बंद असताना पहिल्या घड्याळाला वीज कोठून मिळते, हा प्रश्न सोलापुरात महत्त्वाचा आहे. भिंतीवरच्या बोर्डाचे बटन चालू असेल, तर एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यातून, थोडा प्रवाह मदरबोर्डला सतत मिळत राहतो आणि घड्याळ त्यावर चालते. बटन बंद केले, की सगळा भार नाण्याएवढ्या सेलवर येतो. आपल्याकडे रात्री दुकान किंवा कारखाना बंद करताना शेवटचा माणूस बोर्ड बंद करतो, काही ठिकाणी तर सरळ मेनच पाडतो. सुताच्या आणि कापडाच्या गावात ही सवय योग्यच आहे, ती मोडा असे मी कधीही सांगणार नाही. मात्र तिची किंमत सेल मोजतो. या सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते. घड्याळ ५ मायक्रोअँपिअर ओढते असे धरले, तर हिशेबाने ४४,००० तास, म्हणजे सलग पाच वर्षे होतात. बोर्ड कायम चालू असलेल्या कचेरीत तोच सेल त्याहून बराच जास्त टिकतो. रोज चौदा तास आणि सुटीचा पूर्ण दिवस बोर्ड बंद असेल, तर त्या पाच वर्षांच्या जवळ येतो. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेला सेल त्याहूनही लवकर थकतो.

तीन दिवसांची नोंद

एक कोरा कागद घ्यावा. सलग तीन दिवस सकाळी संगणक सुरू केल्याबरोबर, आणि सायंकाळी बंद करण्यापूर्वी, पडद्यावरची तारीख-वेळ आणि मोबाइलवरची तारीख-वेळ शेजारी शेजारी लिहावी. मोबाइलमध्ये वेळ आपोआप घेण्याची सोय चालू आहे ना, हे आधी पाहावे. दूरचित्रवाणीवरच्या घड्याळावर विसंबू नये, कारण चित्र घरी पोहोचेपर्यंत काही सेकंद गेलेले असतात. आदल्या रात्री बोर्ड बंद होता की चालू, हेही त्याच ओळीत लिहावे. या तीन दिवसांत घड्याळ हाताने लावू नये. काम अडत असेल तर लावावे, पण लावल्याची वेळ नोंदवावी.

आता कागद वाचावा. सकाळी वर्षच जुने दिसते आणि बोर्ड चालू ठेवलेल्या रात्रीनंतर तसे होत नाही, तर सेल संपला आहे. सकाळी कालची सायंकाळ दिसते, म्हणजे जणू रात्र झालीच नाही, तर सेल संपत आला आहे आणि घड्याळ रात्री थांबून सकाळी पुन्हा चालू लागते. फरक दिवसभर अगदी ठरावीक असतो, उदाहरणार्थ नेमकी १५ मिनिटे, अर्धा तास किंवा साडेपाच तास, तर स्फटिक आणि सेल दोन्ही निर्दोष आहेत आणि चूक मांडणीत आहे. फरक रोज एक-दोन सेकंदांनी वाढत जातो, तर घड्याळ आपल्या स्वभावाप्रमाणेच चालले आहे, त्याला फक्त कोणी दुरुस्त करत नाही. आणि संगणक चालू असतानाच तासाला मिनिटे मागे पडत असतील, तर ते प्रकरण निराळे आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

ठरावीक फरक: कालपट्टा

सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त वेळा दुर्लक्षित राहणारी चूक ही. खालच्या पट्टीवरच्या घड्याळावर उजवे बटन दाबून 'ॲडजस्ट डेट अँड टाइम' निवडावे. 'टाइम झोन' समोर यूटीसी (जागतिक वेळ) अधिक ०५:३०, चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली असे दिसले पाहिजे. त्या यादीत आपल्या वरच्या बाजूला यूटीसी अधिक ०५:०० चे इस्लामाबाद, कराची असते आणि खाली यूटीसी अधिक ०५:४५ चे काठमांडू. माऊसचे चाक जरा फिरले, की निवड सरकते; घड्याळ नेमके १५ मिनिटे पुढे असेल तर काठमांडू, नेमका अर्धा तास मागे असेल तर कराची, हे न पाहता सांगता येते. विंडोज नव्याने टाकताना कालपट्टा निवडायचा राहून गेला, तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा पट्टा राहतो. मग घड्याळ आपल्याहून उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे पडते, आणि सकाळी दहा वाजता संगणक आदल्या दिवसाची रात्र दाखवतो.

येथे एक सापळा आहे. पट्टा चुकीचा असताना माणूस काटे हाताने पुढे करतो, घड्याळ बरोबर दिसते आणि काम झाले असे वाटते. परंतु संगणकाला ती वेळ चुकीच्या पट्ट्यातली वाटते, त्यामुळे आलेल्या ई-मेलच्या वेळा विचित्र दिसतात आणि इंटरनेटवरून पुढची दुरुस्ती झाली की घड्याळ पुन्हा चुकीच्या जागी जाते. "रोज लावतो, रोज बिघडते" या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते. म्हणून आधी पट्टा, मग वेळ, हा क्रम मोडू नये. 'सेट टाइम झोन ऑटोमॅटिकली' हे बटन मी कचेरीतल्या संगणकावर बंदच ठेवतो. भारतात पट्टा एकच आहे, घड्याळ ऋतूप्रमाणे पुढेमागे करण्याची पद्धतही नाही, मग रोज संगणकाला तो कोठे आहे हे ओळखायला लावण्याची गरज नाही.

(सूर्यावरून घड्याळ तपासण्याच्या फंदात मात्र पडू नये. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरवलेली आहे आणि सोलापूर सुमारे ७५.९ अंशांवर आहे; अंशाला चार मिनिटे धरली, तर आपल्याकडे सूर्य सरासरीने १२ वाजून २६ मिनिटांच्या आसपास माथ्यावर येतो.)

फरक नेमका साडेपाच तासांचा असेल आणि त्याच संगणकावर विंडोजसोबत लिनक्सही असेल, तर दोघांतला मतभेद हे कारण आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे विंडोज मानते, तर लिनक्स तेथे जागतिक वेळ आहे असे धरते. एकाने लावलेली वेळ दुसऱ्याला चुकीची वाटते. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणे सोपे: टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांत 'टाइमडेटसीटीएल', जागा सोडून 'सेट-लोकल-आरटीसी', पुन्हा जागा सोडून एकचा आकडा. लिनक्स त्यावर नापसंतीची सूचना दाखवते, पण तिचा मुख्य रोख वर्षातून दोनदा घड्याळ बदलणाऱ्या देशांवर आहे.

इंटरनेटवरून वेळ घेणे

याच 'डेट अँड टाइम' पानावर 'सिंक नाऊ' हे बटन असते. ते दाबल्यावर बरोबरची खूण आली तर ठीक. आली नाही, तर पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे फरक किती मोठा आहे. स्वतंत्र, म्हणजे कचेरीच्या मध्यवर्ती सर्व्हरला न जोडलेल्या विंडोज संगणकाला ५४,००० सेकंदांची, म्हणजे १५ तासांची मर्यादा घालून दिलेली असते. त्याहून मोठा फरक असेल तर मिळालेली वेळच चुकीची असावी असे समजून तो दुरुस्ती नाकारतो. संगणक २००९ मध्ये अडकला असता 'सिंक नाऊ' कितीही वेळा दाबले तरी उपयोग का होत नाही, त्याचे कारण हे आहे. आधी हाताने आजची तारीख आणि अंदाजे वेळ लावावी, मग बटन दाबावे.

दुसरी गोष्ट वेळ आणणारी सेवा. सुरुवातीच्या शोधपट्टीत 'सर्व्हिसेस' लिहून ती यादी उघडावी, 'विंडोज टाइम' शोधावे, त्यावर दोनदा क्लिक करून 'स्टार्टअप टाइप' समोर 'ऑटोमॅटिक' निवडावे आणि 'स्टार्ट' दाबावे. संगणक वेगवान करण्याच्या नावाखाली मिळणारी काही मोफत साधने ही सेवा बंद करून ठेवतात. असे साधन टाकलेले दिसले, तर ते काढून टाकलेले बरे.

तिसरी गोष्ट वाट. वेळ मागणारा निरोप यूडीपी या पद्धतीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे एका ठरावीक दारातून, जातो आणि काही कचेऱ्यांच्या राउटरवर किंवा फायरवॉलमध्ये ते पोर्ट बंद असते. तपासायला सोपे आहे: संगणक पाच मिनिटे मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडावा आणि 'सिंक नाऊ' दाबावे. तेथे जमले आणि कचेरीच्या जोडणीवर जमले नाही, तर दोष राउटरचा, आणि तो राउटर बसवणाऱ्याकडूनच दुरुस्त करून घ्यावा.

चौथी गोष्ट वेळ कोणाकडून घ्यायची. विंडोज मुळात मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारते आणि साध्या कचेरीला ते पुरते. भारतीय प्रमाणवेळेची राखण नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते आणि तिचे वेळ देणारे सर्व्हर आहेत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचेही आहेत. सर्ट-इन या संगणक-सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत संस्थांनी आपली घड्याळे या दोहोंच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळवून ठेवावीत असे सांगितले आहे, तेव्हा मोठ्या कचेरीत सर्व्हर बदलताना तेच निवडावेत. बदल कंट्रोल पॅनेलमधल्या 'डेट अँड टाइम' खिडकीत, 'इंटरनेट टाइम' या पानावर करता येतो.

सेलची परीक्षा

नोंदीवरून सेलवर संशय आला असेल, तरी एक रात्र परीक्षा घ्यावी. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ कळ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या मांडणीच्या पानांवर, जावे (कोणती कळ, हे सुरुवातीच्या पडद्यावर लिहिलेले असते), तेथे वेळ बरोबर लावावी, साठवावी, संगणक बंद करून बोर्डही बंद करावा. सकाळी विंडोज सुरू होऊ न देता थेट बायोसमध्ये जाऊन वेळ पाहावी. विंडोज सुरू झाले, तर १५ तासांच्या आतला फरक ते इंटरनेटवरून दुरुस्त करून टाकते आणि सेलचा दोष झाकला जातो. पुष्कळ कचेऱ्यांत सेल वर्षभर संपत आलेला असतो आणि इंटरनेट त्याची बाजू सावरत असते. ज्या दिवशी सकाळी इंटरनेट नसते, त्याच दिवशी तो उघडा पडतो.

सेल बदलण्यापूर्वी बायोसच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, कारण जुना सेल काढल्यावर तेथील मांडणी मूळ अवस्थेत जाऊ शकते. त्यात हार्ड डिस्क चालवण्याची पद्धत बदलली तर विंडोज सुरूच होत नाही. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची पुनर्प्राप्ती-कळ आधी कागदावर उतरवून ठेवावी. मांडणी बदललेली पाहून बिटलॉकर ती कळ मागू शकते आणि ती नसेल, तर आतला सगळा हिशेब कुलपातच राहतो. घड्याळाच्या किरकोळ कामात सर्वांत मोठे नुकसान होऊ शकते ते येथे, म्हणून ही पायरी गाळू नये.

मग वायर बोर्डातून पूर्ण काढावी, संगणकाचे बटन पाच-सहा सेकंद दाबून आतली उरलेली वीज जाऊ द्यावी, कॅबिनेटची बाजू उघडावी आणि कशालाही हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. सेलवर सीआर-२०३२ असे छापलेले असते. पहिले दोन अंक म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि पुढचे दोन म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. दुकानदार कधी कधी २०२५ देतो. ते दिसायला तसेच, पण ०.७ मिलिमीटरने पातळ, त्यामुळे खाचेत सैल बसते आणि महिनाभरात तक्रार परत येते. जुना सेल नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने बाजूची पकड हलकेच दाबून काढावा. मल्टिमीटर असेल तर मोजावा: नवा ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, २.७ च्या खाली असलेला परत बसवू नये. अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून नवा बसवावा. जुना सेल लगेच लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. गिळलेला सेल अन्ननलिका काही तासांत जाळू शकतो.

लॅपटॉपमध्ये हा सेल बहुधा वायर आणि खटक्यासह येतो आणि काही लॅपटॉपांत तो नसतोच, घड्याळ मुख्य बॅटरीवर चालते. तेथे स्वतः उघडण्याचा आग्रह धरू नये.

नवा सेल बसवूनही घड्याळ रात्री थांबत असेल, तर पाहायच्या जागा तीन. खाचेचे पितळी पान वाकून सेलला टेकत नसेल. बायोस पुसण्याचा जंपर (मदरबोर्डवरच्या पिनांवर बसणारी छोटी टोपी) चुकीच्या जागी राहिला असेल. किंवा मदरबोर्डवर घाण साचून सेलमधला प्रवाह गळत असेल. यंत्रमाग चालतात त्या आवारातल्या संगणकांत तिसरे कारण मी सर्वांत आधी पाहतो. सुताचे तंतू पंख्यामागून आत जातात, त्यांवर धूळ बसते, पावसाळ्यात तो थर ओल धरतो आणि सेलचा जीव हळूहळू पितो. ब्रशने आणि ब्लोअरने मदरबोर्ड कोरडा स्वच्छ करावा, ओल्या फडक्याने कधीही नाही.

उन्हाळा आणि उरलेले काही

निरोगी घड्याळही थोडे सरकतेच. स्फटिकात दहा लाखांमागे २० इतकी चूक असली, तर दिवसाला सुमारे १.७ सेकंद आणि महिन्याला सुमारे ५० सेकंद होतात. हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास ठीक चालतो. त्याहून गरम किंवा गार झाला की मागे पडतो, आणि ही घट तापमानातल्या फरकाच्या वर्गाने वाढते. मे महिन्यात कॅबिनेटच्या आत ५० अंश झाले, तर दिवसाला जवळजवळ दोन सेकंद जातात. त्यासाठी मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो घेऊ नये. इंटरनेटवरून दुरुस्ती चालू ठेवणे पुरेसे आहे.

संगणक चालू असताना तासाला मिनिटे मागे पडत असतील, तर आधी बायोस नवा करून पाहावा. आभासी संगणक, म्हणजे एका संगणकाच्या आत प्रोग्रामने चालवलेला दुसरा संगणक, वापरात असेल, तर त्याचे घड्याळ मुख्य संगणकाकडून वेळ घेते की इंटरनेटवरून, हे ठरवून दोहोंपैकी एकच वाट चालू ठेवावी, कारण दोन्ही चालू असल्यास घड्याळ मागेपुढे ओढले जाते.

संगणक बरोबर झाला, की कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि हजेरीचे यंत्रही पाहून घ्यावे. डीव्हीआर नेमके अडीच तास पुढे असेल, तर त्यात चीनचा यूटीसी अधिक ०८:०० हा पट्टा राहून गेलेला आहे. चोरीचे चित्रण दाखवायची वेळ आल्यावर हे लक्षात येण्यापेक्षा आज दोन मिनिटे गेलेली बरी.

घड्याळ चुकीचे असलेल्या काळात केलेली बिले हिशेबाच्या प्रोग्राममध्ये तारखेनुसार लावून शोधावीत. २००९ ची बिले सर्वांत वर येऊन बसलेली दिसतात. त्या फायलींची प्रत आधी दुसरीकडे ठेवावी आणि तारखा दुरुस्त करण्यापूर्वी आपल्या कर-सल्लागाराला विचारावे, कारण पाठवून झालेल्या ई-वे बिलाची गोष्ट वेगळी असते. शेवटी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर सेल बदलल्याची तारीख पेनाने लिहावी. पुढच्या वेळी ते झाकण मी उघडेन किंवा दुसरा कोणी उघडेल, त्याला मल्टिमीटर काढावा लागणार नाही.